मिनीच्या सरकत्या काचा आणि पाण्याची वाट

१९५९ चा उन्हाळा इंग्लंडमध्ये विलक्षण कोरडा गेला. मे महिन्यापासून ऑक्टोबर उजाडेपर्यंत आभाळ जवळजवळ निरभ्र राहिले. याच कोरड्या दिवसांत, २६ ऑगस्ट रोजी, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने एक चिमुकली गाडी लोकांपुढे आणली. लांबी जेमतेम दहा फूट, चाके दहा इंची आणि किंमत करासह ४९६ पौंड १९ शिलिंग २ पेन्स. ऑस्टिनच्या दुकानात ती ‘सेव्हन’ होती, मॉरिसच्या दुकानात ‘मिनी-मायनर’. जगाने पुढे दोन्ही नावे बाजूला ठेवून तिला फक्त ‘मिनी’ म्हटले.

मग पाऊस आला, आणि नव्या कोऱ्या गाड्यांतील गालिचे भिजू लागले. गाडीसोबत कंपनीने गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटही द्यावेत, अशी थट्टा सुरू झाली.

ही थट्टा मिनीच्या इतिहासात कायमची चिकटून राहिली. पाणी मात्र एका वाटेने येत नव्हते. त्याच्या काही वाटा निव्वळ चुकीतून निघाल्या होत्या. एक वाट मात्र पूर्ण जाणिवेने, हिशेब करून स्वीकारलेली होती आणि ती दारावरच्या सरकत्या काचांमधून जात होती. मिनीला सरकत्या काचा का मिळाल्या, त्या का गळत, आणि ती गळती थांबवू पाहणाऱ्यांनीच अनेक गाड्यांचा घात कसा केला, हे समजण्यासाठी तीन वर्षे मागे, सुएझ कालव्यापर्यंत जावे लागते.

१९५६ साली सुएझचा प्रश्न पेटला, कालवा बंद पडला आणि ब्रिटनला पेट्रोलची टंचाई भासू लागली. त्या वर्षअखेरीस शिधापत्रिकेवर पेट्रोल मिळू लागले. रस्त्यांवर ‘बबल कार’ म्हणून ओळखली जाणारी, बुडबुड्यासारखी दिसणारी जर्मन वाहने वाढली. कंपनीचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना या बुडबुड्यांचा मनस्वी तिटकारा होता. १९५७ च्या मार्चमध्ये त्यांनी अ‍ॅलेक इस्सिगोनिस यांना आज्ञा दिली : खरीखुरी छोटी मोटार तयार करा, इंजिन मात्र आपल्याकडे आहे तेच वापरा.

इस्सिगोनिस यांचा जन्म १९०६ चा, स्मर्ना शहरातील. आजचे तुर्कस्तानातील इझमिर ते हेच. वडील ग्रीक वंशाचे ब्रिटिश नागरिक, आई बव्हेरियन. १९२२ मध्ये ते शहर युद्धात होरपळले, तेव्हा कुटुंबाला सर्वस्व सोडून निघावे लागले. इंग्लंडमध्ये अभियंता झालेल्या या माणसाने १९४८ मध्ये ‘मॉरिस मायनर’ देऊन नाव कमावलेले होते. हाती कागद असेल त्यावर रेखाटने करायची त्यांची सवय प्रसिद्ध आहे. ग्राहकाला काय हवे हे त्याला विचारून कळते, यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. आपल्याला जे योग्य वाटते तेच त्याला हवे असणार, अशी त्यांची पक्की खात्री होती. या स्वभावाचे गुण आणि दोष दोन्ही मिनीच्या दारात एकत्र पाहायला मिळतात.

दहा फुटांच्या गाडीत चार माणसे आणि त्यांचे सामान बसवायचे, तर प्रत्येक इंचासाठी झगडावे लागते. इस्सिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले. गिअर इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या टाकीतच ठेवले. चाके लहान केली. अ‍ॅलेक्स मोल्टन यांच्या रबरी शंकूंमुळे स्प्रिंगांची जागा वाचली. हे सारे पुस्तकांतून पुष्कळदा सांगितले जाते. दाराविषयी फारसे कुणी बोलत नाही, आणि खरा चमत्कार तर तिथेही होता.

सर्वसाधारण मोटारीचे दार दुपदरी असते. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि दोहोंमध्ये पोकळी. हँडल फिरवले की काच या पोकळीत उतरते. तिथेच ती उचलणारी यंत्रणाही बसते. म्हणजे दोन्ही दारांच्या जाडीत प्रवाशांच्या वाट्याचे कितीतरी इंच खर्ची पडतात. पावणेपाच फूटही रुंद नसलेल्या गाडीला हा खर्च परवडणारा नव्हता. इस्सिगोनिस यांनी काच खाली उतरवण्याची कल्पनाच सोडून दिली. खिडकीच्या चौकटीत दोन काचा मागेपुढे बसवल्या आणि त्या आडव्या सरकवल्या. आतल्या पत्र्याची गरज उरली नाही. यंत्रणा नाही, वजन नाही, खर्च नाही. दार उघडायला आतून एक प्लास्टिकचे आवरण असलेली तार ओढायची, एवढेच!

मोकळ्या झालेल्या जागेत प्रवाशाची कोपरे सुखाने मावू लागली. शिवाय खाली एक लांबरुंद कप्पा मिळाला. नकाशे, हातमोजे, भाजी, मुलांची खेळणी असे काहीही त्यात टाकता येई. कप्प्याची मापे जिनच्या बाटल्यांच्या हिशेबाने ठरवली होती, अशी एक आख्यायिका मिनीप्रेमी आजही चवीने सांगतात. ती खरी असो वा नसो, कप्पा खरोखर मोठा होता.

या व्यवहाराची किंमत खिडकीच्या तळाशी मोजावी लागली.

हे नीट समजून घेण्याजोगे आहे. खाली उतरणारी काच पाणी पूर्णपणे अडवते, असा सर्वसाधारण समज असतो. तो चुकीचा आहे. काचेवरून ओघळणारे पाणी रबरी पट्टीजवळ बव्हंशी अडते, पण सारे नाही. उरलेले पाणी खुशाल दाराच्या पोकळीत उतरते, तळाशी जाते आणि तिथल्या छिद्रांतून रस्त्यावर टपकते. म्हणजे दुपदरी दार ही स्वतःच एक मोरी असते. तिथे पाण्याला आत येऊ दिले जाते आणि गुपचूप बाहेरची वाट दाखवली जाते.

सरकत्या खिडकीत ही संपूर्ण जबाबदारी एका अरुंद पन्हळीवर येऊन पडते. काचा जिच्यात सरकतात ती खालची खाच हीच काय ती मोरी. काचेवरचे सगळे पाणी तिच्यात उतरणार, आणि तळाशी ठेवलेल्या बारीक छिद्रांतून बाहेरच्या बाजूला निघून जाणार. काच सरकायची तर तिच्याभोवती थोडी ढिलाई हवीच. जी वस्तू हलते तिला घट्ट बंद करता येत नाही. दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथली उभी फटही अशीच. तिच्यात पट्टी बसवली तरी फट अरुंद असल्यामुळे पाणी केशाकर्षणाने आत ओढले जाते. मुंबई-पुण्याच्या इमारतींत अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. खालच्या पट्टीतली भोके धुळीने बुजली, की जुलैतल्या पहिल्या जोरदार सरीला पाणी थेट दिवाणखान्यात येते.

मिनीच्या खाचेत काचेला आधार म्हणून नमद्यासारखे मऊ अस्तर असे. नवे असताना हे अस्तर उत्तम काम करते. काच खडखडत नाही, हळुवार सरकते आणि ओलाव्याने अस्तर थोडे फुगले की फटही कमी होते. परंतु ते पाणी धरून ठेवते. त्यात रस्त्याची धूळ, झाडांची पाने, धुराची काजळी बसते. काही हिवाळ्यांत अस्तर कुजते, छिद्रे बुजतात आणि इंग्लंडच्या ओलसर हवेत त्या खाचेत हिरवेगार शेवाळ उगवते. हा विनोद नव्हे. जुन्या मिनीच्या आणि जुन्या लँड रोव्हरच्या खिडकीत वाढलेले शेवाळ हा तिकडच्या गाडीमालकांच्या नित्य अनुभवाचा भाग आहे. मग भरलेली पन्हळ आतल्या काठावरून वाहू लागते. पाणी कप्प्यात, कप्प्यातून जमिनीवर आणि गालिच्याखाली पोहोचते.

आता १९५९ च्या पावसाकडे परत यायला हवे, कारण तिथे एक घोटाळा झाला होता. त्या शरद ऋतूत गाड्यांत जे लोटच्या लोट पाणी येत होते, त्याला खिडक्या जबाबदार नव्हत्या. मुख्य दोष जमिनीच्या पत्र्यात होता. कौलारू घर पाहिलेल्या कुणालाही तो चटकन कळेल. कौले शाकारताना वरचे कौल खालच्या कौलावर यायला हवे. उलटे लावले तर प्रत्येक सांधा पाणी आत घेतो. मिनीच्या तळाचे दोन पत्रे असेच उलटे एकमेकांवर आले होते. सांध्याची कड पुढच्या दिशेला उघडी होती. गाडी ओल्या रस्त्यावर धावू लागली, की पुढच्या चाकांनी उडवलेले पाणी त्या कडेत ओंजळीसारखे भरले जाई आणि सरळ आत येई. चाचण्यांचे दिवस कोरडे गेल्यामुळे हा दोष वेळेत उमगला नाही. पुढे सांध्याची घडण बदलली आणि ते पाणी थांबले.

ती दुरुस्ती झाली तरी बदनामी राहिली. तिचा एक दूरगामी परिणाम असा, की मिनीत पाणी दिसले की नेमके कारण न शोधता जिथे फट दिसेल तिथे काहीतरी चोपडण्याची सवय लागली. खिडकी डोळ्यांसमोर असल्यामुळे पहिला बळी तिचाच जाई.

यात केवळ भिजलेल्या गालिच्याचा प्रश्न नव्हता. जुन्या पद्धतीच्या मोटारीला खाली लोखंडी सांगाडा असे आणि त्यावर वरची पेटी ठेवलेली असे. पेटी गंजली तरी सांगाडा तगून राही. मिनीला असा पूर्ण सांगाडा नव्हता. पातळ पत्रे एकमेकांना जोडून बनलेली पेटी हाच तिचा देह. दाराखालची पोकळ तुळई, म्हणजे गाडीचा उंबरठा, हा तिचा कणा. गालिच्याखाली महिनोन्‌महिने ओल राहिली, की जमिनीचा पत्रा आणि उंबरठा आतून सडतात. बाहेरून रंग चकचकीत दिसतो. एके दिवशी गाडी उचलायला जॅक लावावा तर तो पत्र्यातून आरपार जातो. लक्षावधींनी बनलेल्या पहिल्या पिढीतील मिनींपैकी असंख्य गाड्या इंजिन ठणठणीत असतानाही याच रोगाने भंगारात गेल्या. खिडकीच्या पन्हळीतले चारदोन थेंब या मरणात भागीदार होते.

लँड रोव्हरची तुलना येथे बोधक ठरते. १९४८ पासून सॉलिहल येथे बनणाऱ्या या गाडीलाही सरकत्या काचाच होत्या आणि त्याही यथेच्छ गळत. तिची पेटी मात्र ‘बर्माब्राइट’ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती, आणि खाली भक्कम पोलादी सांगाडा. शेतात, चिखलात वापरायच्या गाडीत जमीन ओली झाली तर कुणी तक्रारही करत नसे. तिथे गंज मुख्यतः दाराच्या वरच्या पोलादी चौकटीला आणि काचेच्या खाचेला लागे. तो भाग वेगळा काढून बदलता येई. गळती तीच, पण एका गाडीला तो उपद्रव होता आणि दुसरीला जीवघेणा आजार.

मालकांनी काय काय उपाय केले, त्याची जंत्री मोठी गमतीची होईल. कुणी लांबी भरली, कुणी डांबरी पट्ट्या चिकटवल्या. पुढे सिलिकॉनच्या नळ्या बाजारात स्वस्त मिळू लागल्या, तेव्हा तर उत्साहाला भरतीच आली. खाचेच्या दोन्ही कडा सिलिकॉनने लिंपायच्या, तळातली ‘नको असलेली’ भोके बुजवायची आणि समाधानाने हात पुसायचे. पहिल्या पावसात खिडकी खरोखर कोरडी दिसे. दुसऱ्या-तिसऱ्या पावसात बंद पन्हळीत तळे साचे. पाण्याला बाहेर जायची वाट उरलेली नसल्याने ते आत येई, किंवा तिथेच राहून खाचेचा पोलादी पत्रा खाऊन टाकी. गळती थांबवण्याच्या या उपायानेच गळतीला कायमचे घर मिळे.

जुन्या गाड्यांची डागडुजी करणाऱ्या जाणत्या कारागिरांची रीत नेमकी उलटी असते. ते आधी पाण्याची वाट शोधतात. जमिनीवर कोरडे वर्तमानपत्र पसरायचे, कप्प्याच्या कडेला खडूची किंवा टाल्कमची पूड भुरभुरायची, एका माणसाने विजेरी घेऊन आत बसायचे आणि दुसऱ्याने बाहेरून झारीने पाणी सोडायचे. फवारा नव्हे, झारी. आणि सुरुवात खालून. आधी दाराची खालची कड, मग खिडकीची खाच, मग वरची चौकट. एकदम सगळीकडे पाणी मारले तर ते कुठून शिरले हे कधीच कळत नाही. पुष्कळदा असे निघते, की खिडकी निर्दोष आहे आणि पाणी पुढच्या काचेच्या रबरातून किंवा दाराच्या कडेच्या पट्टीतून येते आहे.

दोष खिडकीतच असेल तर काचा उतरवल्या जातात. जुने अस्तर खरवडून काढतात, गंज साफ करून पत्र्याला गंजरोधक रंग देतात. मग येते खरी मेख. सील लावायचे ते खाचेच्या आत नव्हे, खाली. खाच आणि दाराचा पत्रा यांच्यामधला सांधा कधीही हलत नाही. तिथे न वाळणारी, मऊ राहणारी लांबी भरली तर तो वर्षानुवर्षे बंद राहतो. खाचेचा आतला भाग मात्र मोकळा ठेवायचा, नवे अस्तर छिद्रांच्या जागी कापून घ्यायचे आणि तारेने प्रत्येक छिद्र उघडे आहे ना, हे तपासायचे. काच सरकायला जड वाटली तर तेल घालण्याचा मोह आवरावा लागतो. तेल धूळ धरते आणि रबर फुगवते. सिलिकॉनचा हलका फवारा पुरतो. हाच पदार्थ नळीतून आला की शत्रू आणि फवाऱ्यातून आला की मित्र!

शेवटची परीक्षा पुन्हा झारीने. खाच भरू द्यायची आणि दाराच्या बाहेरच्या अंगाने पाण्याच्या बारीक धारा निघतात का ते पाहायचे. त्या निघाल्या तर काम जमले. खाच कोरडीच राहिली तर जाणता कारागीर खूश होण्याऐवजी साशंक होतो.

सरकत्या काचांचा काळ कंपनीनेच हळूहळू संपवला, आणि तोही एकदम नव्हे. ऑस्ट्रेलियात बनणाऱ्या मिनीला १९६५ मध्येच हँडलने उतरणाऱ्या काचा मिळाल्या. तिथल्या उन्हात अर्धीच उघडणारी खिडकी कुणाला सोसणार? ब्रिटनमध्ये १९६६ साली त्या आल्या त्या मिनीच्या श्रीमंत बहिणींना, म्हणजे ‘रायली एल्फ’ आणि ‘वुल्सली हॉर्नेट’ यांना. साध्या मिनीला १९६९ पर्यंत थांबावे लागले. तोवर तिने १९६४, १९६५ आणि १९६७ ची मॉन्टे कार्लो रॅली सरकत्या काचांनिशीच जिंकलेली होती. फ्रान्समध्ये रेनो कंपनीने तर १९६१ साली आलेल्या ‘रेनो ४’ च्या सरकत्या काचा अखेरपर्यंत बदलल्या नाहीत, आणि त्या गाडीच्या आठ लाखांवर नव्हे, ऐंशी लाखांवर प्रती विकल्या गेल्या. ग्राहकाला या काचा नकोशाच होत्या असे म्हणणे त्यामुळे कठीण जाते.

१९६९ चा बदल सोपा नव्हता. नव्या दारासाठी बाहेरची बिजागरे आत घ्यावी लागली, म्हणजे पेटीची घडणही बदलली. जुन्या मिनीचा मालक नवी दारे आणून सहज बसवू शकत नव्हता. त्याला आपली पन्हळ सांभाळत राहणे भाग होते. नव्या दारात कोपरांची जागा घटली आणि तो प्रशस्त कप्पा गेला. काही वर्षांनी नव्या दारांचेही तळ गंजू लागले. कारण ओळखीचेच होते. पोकळीत उतरणाऱ्या पाण्यासाठी तळाशी ठेवलेली छिद्रे चिखलाने बुजत, आणि पाणी आतच मुक्काम करी.

इस्सिगोनिस यांना १९६९ मध्येच ‘सर’ हा किताब मिळाला. १९८८ मध्ये ते वारले. त्यांची मिनी ४ ऑक्टोबर २००० पर्यंत लाँगब्रिजच्या कारखान्यातून बाहेर पडत राहिली. एकूण संख्या त्रेपन्न लाखांवर गेली. आज संग्राहक सर्वाधिक किंमत मोजतात ती पहिल्या दशकातील गाड्यांना. बाहेरची बिजागरे, ओढायची तार आणि सरकत्या काचा ही त्यांची ओळख मानली जाते. अशी गाडी विकत घेताना अनुभवी माणूस इंजिनाकडे वळण्याआधी खिडकीच्या खाचेतून बोट फिरवतो. बोटाला ओली माती लागली तर तो वाकून गालिचा उचलतो, आणि जमिनीच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकतो.